दोहा जवळ, मुकुटबन लांब

"भाऊ, नागपूरहून दोह्याले विमानानं किती वेळ लागते?"

काउंटरमागच्या पोरानं मान वर केली. "साडेचार तास. अन्... भाऊ नका म्हणू. रवी म्हणा."

अगं बाई! मी दारव्ह्याच्या तिकीट केंद्रात चौकशीला आले होते, आणि हा नातं ठरवायला बसला होता.

मी मैत्रेयी, इथल्याच एका दवाखान्यात नर्स. दोह्याच्या हॉस्पिटलात दोन वर्षांची नोकरी लागली होती. सोमवारपर्यंत होकार कळवायचा होता, पण मुकुटबनला आई अडून बसली होती. इतक्या दूर पोरीला काही झालं तर मी पोचू कशी, एकच धोशा.

रवीनं सगळं ऐकून घेतलं आणि कागदावर लिहिलं... 'नागपूर ते दोहा, अठ्ठावीसशे किलोमीटर, साडेचार तास.' त्याखाली, 'दारव्हा ते मुकुटबन, दीडशे किलोमीटर, पाच तास.'

"पाच?"

"यवतमाळ, वणी, दोन बसगाड्या, मंग जीप. अन् जीप भरल्याशिवाय हलते का? मायले सांगा, पोरगी अर्धा तास जवळ येऊन राह्यली!"

मी खो खो हसले. बाहेर पाऊस भुरभुरत होता, तरी छत्री उघडायचं विसरून गेले.

त्या आठवड्यात मी रोज जात होते. सामान किती चालते, लोणचं नेता येते का... सगळं फोनवर दिसतं हो! त्यालाही ठाऊक होतं. तरी माझा चहा आधीच सांगून ठेवायचा.

रविवारी मुकुटबनला गेले. आईनं तो कागद दोनदा वाचून घेतला. बोटांवर तास मोजले. मग म्हणाली, "जाय. पण हे लिहिणारा कोण हाये?"

मी उडत दारव्ह्याला आले. "माय हो म्हणाली!"

रवीचा चेहरा खर्रकन उतरला.

"काय झालं?"

"आपल्याच हातानं पायावर धोंडा मारून घेतला, दुसरं काय!" तो उगाच कीबोर्ड पुसू लागला. "मैत्रेयी, तुम्ही मले लय आवडता. पण... 'थांबा' नाही म्हणणार."

मला रडू येत होतं आणि आनंदही मावत नव्हता. "मलेही आवडता तुम्ही. परतीले किती तास?"

"चारच. येताना वारा पाठीशी राह्यते."

"मंग तोंड कायले पाडता? आधी तो पाच तासांचा रस्ता धरा. मायले भेटा."

पंधरा दिवसांनी माझं विमान दोह्याला उतरलं. फोन चालू केला तर रवीचा मेसेज.

'तुमचं विमान उडालं तवाच मी मुकुटबनले निघालो. वणीत जीपमधी बसलो हाये. अजून दोन जागा भरल्या नाही.'

मी डोळे पुसत हसत होते, तेवढ्यात दुसरा आला.

'पण मी उतरणार नाही.'