दारव्ह्याची सवारी

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण अतुलला नावं ठेवू नका.

दारव्ह्यात जो तो म्हणतो, "बाबारावचा पोरगा नॉर्वेला गेला अन् मायबापाला विसरला."

साफ खोटं!

पोरगा यायला एका पायावर तयार आहे. बाबारावच त्याला दोन वर्षं येऊ देत नाही. का, ते ऐका. १४ जानेवारी २०२४, दुपारचे तीन. घडलेली गोष्ट आहे.

बाबाराव भुताखेतांना मानणारा नाही. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ. पंचवीस वर्षं दारव्हा-यवतमाळ काळी-पिवळी जीप चालवली.

त्या हिवाळ्यात अतुलनं मायबापाला तिकडे बोलावलं. बर्फ दाखवायला गाडी भाड्यानं घेतली. बुक केली लहान, काउंटरवर हाती दिली सात सीटची. माणसं तीन!

बाबारावचं डोकं फिरलं. सीटा भरल्याशिवाय या माणसानं कधी स्टँड सोडला नव्हता.

"चार सीटा खाली घेऊन फिरून राह्यला बे तू!" वाटभर हेच.

तिकडे दुपारी तीनलाच काळोख. दिव्यांवरचा बर्फ पुसायला अतुलनं गाडी थांबवली. बाबाराव तणतणत उतरला. मागचं दार उघडलं अन् मुद्दाम स्टँडवरची हाक दिली...

"चला दारव्हा, दारव्हा, दारव्हा! बसा लवकर!"

"गप बसा न जी," त्याची बायको नलू म्हणाली. "कोण हाय इथं?"

कोणीच नव्हतं. घर नाही, दिवा नाही.

त्यानं दार आपटलं. गाडी निघाली...

टुंग... टुंग... टुंग...

सीटच्या पट्ट्याची घंटी. समोर लाल खूण, अगदी मागच्या सीटची. तिथं कोणी पट्टा न लावता बसलं होतं म्हणे.

"आई, मागं काही ठेवलं का?"

"काईच नाही रे."

अतुलनं उतरून पाहिलं. सीट रिकामी. गाडी निघाली, की पुन्हा टुंग... टुंग...

बाबाराव मागे वळून खेकसला, "पट्टा लाव न बे!"

खट्ट...

घंटी बंद.

तिघांनी मागे पाहिलं. पट्टा लागलेला. पुढे ताणलेला. आत कोणीच नाही.

"उतर! उतर खाली!" बाबारावनं शिव्यांची लाखोली वाहिली. पट्टा ढिला झाला नाही.

हाक दारव्ह्याची दिली होती. सवारी मधेच कशाला उतरेल?

गाडी परत केली. मायबाप घरी आले. महिन्याभरानं अतुलचा फोन...

"बाबा, मित्राच्या गाडीत बी तेच. टॅक्सीत बी. मी बसलो की मागची खाली सीट वाजते."

"तू गावाले येऊ नको," बाबाराव म्हणाला. फोन ठेवला.

दोन वर्षं नलू रडली. परवा मात्र तिचा धीर सुटला.

"सवारी तुमी बसवली, उतरवा बी तुमीच! माह्या पोराले कायची शिक्षा? मी बोलावलं त्याले. येऊन राह्यला तो."

बाबाराव ताडकन उठला.

"उतरवतो! पण उतरून ते जाईन कुठं? आपण बी दारव्ह्यालेच राह्यतो न!"



शुक्रवारी अतुलचं विमान नागपूरला उतरतंय.