डाव्या हाताची वीण

ही गोष्ट माझ्या सख्ख्या भावाची आहे. ऐकीव नाही. मी त्या खोलीत होते. पटली नाही तर सोडून द्या, पण रचलेली म्हणू नका. मला तेवढी कल्पनाशक्ती असती, तर मी खुर्च्या विणत बसले नसते.

हो, मी खुर्च्या विणते. म्हणजे त्यांच्या बैठकी. बाबांकडून शिकले.

दादाला जुन्या डॅनिश खुर्च्यांचं वेड. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या. सागवानी, बारीक पायांच्या, कुठेही नक्षी नाही, तरी बघत राहावं अशा. त्यांची बैठक कागदी दोरीची असते. कागद पिळून पिळून केलेली घट्ट दोरी. वर्षानुवर्षं टिकते.

दादाच्या घरात अशा एकतीस खुर्च्या. प्रत्येकीखालचा कारखान्याचा शिक्का त्याला पाठ. स्वतःच्या मुलीचा वाढदिवस वहिनीला विचारावा लागतो. वहिनी म्हणायची, "माझ्या डोक्याला लागत नाही तेवढं तेल त्या लाकडांना लागतं."

माझं कामाचं ठिकाण त्याच्याच घरामागची खोली. एक दार, एक खिडकी. खिडकीला जाळी. किल्ली एकच, ती माझ्या कमरेला.

हे एवढ्यासाठी सांगते, की पुढे कोणी विचारू नये, 'दुसरं कोणी आलं असेल का?'

कोणी येऊ शकत नव्हतं.

मागच्या वर्षी मार्चमध्ये दादाने सहा खुर्च्या आणल्या. कोणा म्हाताऱ्या गृहस्थांच्या. ते जहाजावर इंजिन मेकॅनिक होते. कमरेचं हाड मोडून दवाखान्यात पडले, आणि इकडे सुनेने घर मोकळं करायला काढलं. दादाला वास लागला. गिधाडाला लागतो तसा.

पाच खुर्च्यांच्या बैठकी जुन्या, मूळच्या. सहावीची वेगळी होती.

कोणीतरी घरी विणलेली. पण काय वीण होती! एक धागा इकडचा तिकडे नाही. मी तिच्यावरून हात फिरवला आणि थांबले. काहीतरी उलटं वाटत होतं. कळेना.

"ही काप," दादा म्हणाला. "नवीन घाल. बाकीच्या पाचांसारखी."

"अरे, ही अजून वीस वर्षं जाईल."

"ओरिजिनल नाही ती. सेट बिघडतो. काप म्हटलं ना!"

मी कापली.

माझी चूक आहे ती. मी ती लपवणार नाही. मला कळत होतं आणि तरी मी सुरी चालवली.

पहिली दोरी तुटली तेव्हा आवाज आला...

दोरी तुटल्याचा नाही.

कोणीतरी दातांतून श्वास आत ओढावा, तसा. चटका बसल्यावर ओढतो ना, तसा.

मी मागे पाहिलं. दादा केव्हाच निघून गेला होता.

दीड दिवस खपून मी नवी बैठक विणली. संध्याकाळी कुलूप लावलं आणि घरी गेले.

सकाळी दार उघडलं, तर खुर्चीचा नुसता सांगाडा.

दोरी कापलेली नव्हती. सोडवलेली होती. तिची नीट गुंडाळी करून टेबलावर ठेवलेली. आणि शेजारी खिळे... आकड्यासारखे वाकडे, चौकटीच्या आतून ठोकतात ते. सगळे एका रांगेत. एकही चेपलेला नाही.

मी तडक दादाकडे गेले. "काम पसंत नव्हतं तर तोंडाने सांगायचं! माझी दीड दिवसाची मेहनत उसवून काय मिळालं?"

"डोकं फिरलंय का तुझं? मी कशाला हात लावू?"

आम्ही तासभर भांडलो. वहिनीने मध्ये पडून चहा दिला, तोही मी तसाच ठेवला.

पुन्हा विणली. या वेळी किल्ली उशाखाली घेऊन झोपले.

सकाळी पुन्हा तेच. गुंडाळी. खिळ्यांची रांग.

खरं सांगू? मला भीती नाही वाटली. संताप आला. माझ्या हातांना फोड आले होते. कोण चेष्टा करतंय माझी?

तिसऱ्यांदा विणली. मंगळवारी दुपारी संपली. या वेळी मी खोली सोडायची नाही असं ठरवलं. कोपऱ्यातल्या नळाला हात धुवायला उठले. सव्वातीन वाजले होते. बाहेर रखरखीत ऊन. मागच्या गल्लीत कोणीतरी गाडी धूत होतं.

आणि मागून आवाज आला.

टक...

मी नळ बंद केला.

टक...

काहीतरी लाकडावर ठेवल्यासारखं.

मी वळले.

टेबलावर दोन खिळे होते. माझ्या डोळ्यांसमोर तिसरा चौकटीतून हळूहळू बाहेर आला. कोणी पक्कड लावावी, तसा. हवेतून टेबलावर गेला. पहिल्या दोघांशेजारी नीट ठेवला गेला.

टक...

तिथे कोणी नव्हतं.

दोरी सुटायला लागली. सळसळत. घाई नाही, राग नाही. सवयीचं काम करावं तशी.

माझ्या तोंडातून काय निघालं माहीत आहे? "अहो, तीन वेळा विणलीय मी! काय चुकलंय ते तरी सांगा!"

सळसळ थांबली.

गाडी धुण्याचा आवाजही येईना.

मग जमिनीवर लोळणारं दोरीचं टोक उचललं गेलं... आणि खुर्चीच्या डाव्या कोपऱ्याला जाऊन टेकलं.

पडलं. पुन्हा उचललं गेलं. पुन्हा डावा कोपरा.

लहान मुलाला अक्षर गिरवायला शिकवतात ना, तसं.

तेव्हा मला कळलं, त्या जुन्या विणीत काय उलटं होतं. आम्ही सगळे उजव्या कोपऱ्यातून सुरुवात करतो. ती डावीकडून सुरू झाली होती. विणणारं माणूस डावखुरं होतं.

खुर्च्यांबरोबर आलेल्या कागदावर त्या घरचा नंबर होता. मी फोन लावला. सुनेने उचलला आणि "तुमच्यासाठी" म्हणून कोणाला तरी दिला. पलीकडून दमलेला, खोल आवाज. मेकॅनिककाका दवाखान्यातून घरी आले होते.

मी एवढंच विचारलं, "काका, त्यातली एक बैठक कोणी विणली होती?"

"आमच्या हिने." म्हणाले, "मी जहाजाच्या एकेका फेरीला एकेक खुर्ची आणली, पोरी. सहा फेऱ्या, सहा खुर्च्या. एकीची बैठक फाटली, तर हिने ती सोडवत सोडवत वीण शिकून घेतली. जाऊन अकरा वर्षं झाली तिला."

मग म्हणाले, "ती नीट आहे ना? तुमच्या भावाला मी दवाखान्यातून चार वेळा फोन केला. म्हटलं, पाच ठेवा, माझं काही म्हणणं नाही. तेवढी एक परत द्या. नाहीतर निदान तिची बैठक कापू नका. हो म्हणाले ते. चारही वेळा हो म्हणाले."

समोर टेबलावर सुरी पडली होती. तीच सुरी.

"नीट आहे काका," मी म्हटलं. एवढं खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते.

पुढचे तीन दिवस मी दादाशी बोलले नाही. कापलेली जुनी दोरी कचऱ्यातून वेचून काढली. तुकड्यांचा काही उपयोग नव्हता, पण वीण कशी फिरली होती ते त्यातून कळत होतं. डाव्या कोपऱ्यातून सुरुवात केली. डाव्या हाताने. हात वळत नव्हता, बोटं सोलली. मध्येच कुठे चुकलं, की दोरी आपोआप सैल व्हायची... एकच फेरा. मी तो पुन्हा घालायचे, मग ती घट्ट राहायची.

शनिवारी दुपारी बैठक पुरी झाली.

रविवारी सकाळी कुलूप उघडलं. बैठक जागच्या जागी होती.

थोड्या वेळाने दादा आला, फोटो काढायला. वीण बघून त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. "हे काय? बाकीच्यांसारखी सांगितली होती ना?"

"तू त्या काकांना हो म्हणाला होतास?"

"कोणत्या काकांना?"

"दादा, उगाच वेड पांघरू नकोस. चार वेळा! दवाखान्यातून फोन केला होता त्या माणसाने तुला!"

"अगं, तोंडदेखलं म्हणावं लागतं. म्हातारा माणूस, रडत होता फोनवर. काय सांगू त्याला?"

"खरं सांगायचं! नाहीतर खुर्ची परत द्यायची! एकतीस आहेत तुझ्याकडे! आणि कापायला मला लावलीस. माझ्या हाताने!"

"ओरडू नकोस. खुर्ची आहे ती. लाकूड आणि दोरी. बसायची वस्तू."

"मग बस की!" मी किंचाळले.

तो हसला. कॅमेरा टेबलावर ठेवला. पाय पसरून ऐटीत खुर्चीत बसला. "बसलो. झालं समाधान?"

दोरी कुरकुरली. नवी दोरी कुरकुरते, त्यात विशेष नाही.

मग ती दुसऱ्यांदा कुरकुरली.

दादा हलला नव्हता.

बैठक खाली गेली. सावकाश... दोन बोटं. एका माणसाच्या वजनाने जात नाही एवढी.

दादाचं हसू तसंच राहिलं, पण डोळे बदलले. त्याने मांड्यांकडे पाहिलं. मग समोर. चेहऱ्याच्या अगदी जवळ, वीतभर अंतरावर बघावं तसं.

"उतरव," तो म्हणाला. कुजबुजला.

"काय?"

"हिला... हिला उतरव."

"कोणाला दादा?"

तो उठायला बघत होता, उठता येत नव्हतं. हात खुर्चीच्या कडेला आवळले होते. सव्वाशे किलोचं कपाट एकट्याने ढकलणारा माझा भाऊ, आणि त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. मी त्याचे दंड धरून ओढलं. सगळा जोर लावून ओढलं.

सुटला तेव्हा आम्ही दोघंही जमिनीवर पडलो.

त्याच्या पँटला दोन्ही मांड्यांवर सुरकुत्या पडल्या होत्या. कोणीतरी मांडीवर बराच वेळ बसून उठल्यावर पडतात तशा.

तो उठला आणि कॅमेरा तिथेच टाकून निघून गेला.

मी कोणाला विचारलं नाही. त्याच दुपारी रिक्षाटेम्पो करून खुर्ची काकांकडे पोचवली. सुनेने दार उघडलं, तोंड वाकडं केलं. मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. काका खिडकीपाशी पलंगावर होते. मी हात जोडून सगळं खरं सांगितलं. कापली ते, खोटं बोलले ते, सगळं.

त्यांनी विणीवर हात ठेवला. बराच वेळ बोटं फिरवत राहिले.

"तिचीच आहे," म्हणाले. "शिकवलंन तुला?"

मी मान हलवली.

ते हसले. डोळ्यांत पाणी. "फार खडूस आहे. एक फेरा चुकलेला चालत नाही तिला." मग हळूच म्हणाले, "रोज दुपारी चहाच्या वेळेला ही खुर्ची कुरकुरते. अकरा वर्षं. सून म्हणते, जुनं लाकूड आहे, वाजणारच. वाजू दे. मी आपला बोलत बसतो."

मी घरी आले. वाटलं, संपलं. जिची तिला मिळाली.

पाच दिवसांनी त्यांचा फोन आला.

"पोरी, एक विचारू? रागावू नकोस."

"विचारा ना काका."

"खुर्ची रिकामीच आहे."

मी हातातली दोरी खाली ठेवली.

"मी रोज दोन कप चहा मांडतो. वाट बघतो. आवाज येत नाही. पाच दिवस झाले. तू खुर्ची आणलीस. पण हिला कुठे ठेवून आलीस?"

फोन ठेवला आणि मी तशीच दादाच्या घरात गेले. जेवायची वेळ होती. वहिनी आणि त्यांची मुलगी टेबलाशी बसल्या होत्या. दादा ओट्यापाशी उभा राहून ताटातलं खात होता.

"हे असंच चाललंय रविवारपासून," वहिनी म्हणाली. "बसतच नाहीत. पाठ दुखते म्हणतात. झोपतात, चालतात, पण बसत नाहीत. काल मी हात धरून सोफ्यावर बसवलं, तर लहान मुलासारखे ओरडले."

मी दादाला बाहेर नेलं. काकांचा निरोप सांगितला. म्हटलं, "एकदा चल माझ्याबरोबर. त्यांच्यासमोर जाऊन बस. चुकलो म्हण. कदाचित ती उठेल. नवऱ्याजवळ जाईल."

तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, येतो म्हणेल.

"मी कोणाची माफी मागणार नाही," तो म्हणाला. "आणि तूही वाटेल ते बडबडू नकोस. पाठ आहे ती. डॉक्टरला दाखवतोय."

याला आता वर्ष होत आलं. डॉक्टर तीन झाले. पाठीत काही नाही. बाकीच्या पाच खुर्च्या त्याने विकून टाकल्या. मी मागची खोली सोडली, दुसरीकडे काम करते. काका अजून आहेत. आता फोनवर काही विचारत नाहीत. 'कशी आहेस' म्हणतात आणि गप्प राहतात. त्या गप्प राहण्याने माझं रक्त उकळतं.

लोक विचारतात, तुला तिची भीती नाही वाटत? वाटते. तिने माझ्या भावाला का धरलं, त्याच्याबरोबरच का राहिली, मला माहीत नाही. पण तिच्यापेक्षा जास्त मला तो माणूस कळत नाही, जो एक शब्द बोलायला नको म्हणून वर्षभर उभा राहतो.

परवा तो माझ्या दारात आला होता. खूप वाळलाय. जिना चढून आल्यावर धापा टाकत होता. भिंतीला टेकून उभा राहिला. माझ्या समोरचा स्टूल रिकामा होता. त्याने स्टूलकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

मी त्याला 'बस' म्हटलं नाही.