डावी बाजू पंजाबरावांची

वणीजवळच्या एका कोळसा खाणीच्या सायडिंगच्या रुळांवर चार वर्षं थंड पडलेलं वाफेचं इंजिन शेवटी हललं, ते १९६६ सालच्या पौषातल्या एका संध्याकाळी. नागपूरला ते शोभेसाठी जपून ठेवायचं ठरलं होतं. स्वतःच्या जोरावर हातभरही सरकणं आता त्याला जमणारं नव्हतं, म्हणून पुढे डिझेल जोडलं होतं. म्हाताऱ्याला धरून दवाखान्यात न्यावं तसं डिझेल त्याला हळूहळू नेत होतं. वणीपर्यंत देखरेखीला आत बसला होता उकंडा, त्याच इंजिनाचा जुना फायरमन. साहेबांनी निघतानाच बजावलं होतं, वाटेत चाकाचं एक जरी बेअरिंग जळालं, तर नागपूर विसरा. इंजिन तिथंच कापून भंगारात.

उकंडाचा जीव त्या लोखंडात अडकला होता. त्याचे ड्रायव्हर पंजाबराव ह्याच इंजिनात, डाव्या खिडकीशी बसल्या बसल्या गेले होते. शिवाशीव पाळायच्या दिवसांतही ते उकंडाच्या डब्यात हात घालून जेवायचे आणि वर मिरची मागायचे. मागे ना पोर, ना बाळ. त्यांचं म्हणून उरलं होतं ते हे इंजिन, एवढंच.

अंधारून आलं. तुरीच्या वावरांवर धुकं उतरलं. पुढे डिझेलची धडधड, आणि इथं भट्टीत नुसता वारा घुमत होता. जुन्या राखेचा वास येत होता. उकंडा सवयीनं उजवीकडे बसला होता. आपण सवयीनंच इथं बसलो, हे मनात आलं मात्र, तो ताडकन उठला.

तेल! निघताना त्यानं चाकांना तेल दिलं होतं, पण फक्त उजव्या बाजूच्या. सारा जन्म तसंच चालत आलं होतं. उजवी बाजू फायरमनची, डावी ड्रायव्हरची, आणि ड्रायव्हरच्या बाजूला हात लावणं म्हणजे त्याचा अपमान. हातांनी आपलं काम उरकलं होतं, डोक्याला कोणी विचारलंच नव्हतं.

त्यानं लाल कंदील हलवला. गाडी थांबली. डिझेलचा ड्रायव्हर श्रीकृष्ण धावत आला.

"काहून थांबवलं, काका?"

"डाव्या बाजूले तेलच नाही देल्लं मी… जळलं असन, बापा. सारं जळलं असन."

उकंडा डावीकडे उतरला. पहिल्या बेअरिंगला त्यानं पालथा हात लावला. थंडगार. दुसरं… तिसरंही थंड. आणि बोटांना लागलं ते ताजं तेल. खाली गिट्टीवर ते थेंब थेंब गळत होतं. तेलाची कुप्पी तर एकच होती, आणि ती वर उकंडाच्या बाकाखाली होती.

"तेल तं हाये," श्रीकृष्ण म्हणाला. "देल्लं असन, विसरले असान तुमी."

उकंडाच्या अंगावर सरसरून काटा आला, आणि डोळेही भरून आले. भ्यावं की रडावं, हेच त्या बिचाऱ्याला कळेना. वर चढून तो अंधाराकडे तोंड करून हळूच म्हणाला, "पंजाबभाऊ… बसा."

उरलेल्या वाटेत त्यानं डाव्या खिडकीकडे एकदाही पाहिलं नाही. पाहिलं आणि तिथं कोणी नसलं, तर?

वणी आलं. उकंडा उतरला, पण पाय निघेना. पुढे डाव्या बाजूचं कोण पाहील? श्रीकृष्ण कंदील घेऊन पलीकडून चाकं तपासत आला.

"सारी थंड हायेत. जाते आता नागपूरपर्यंत." मग तो थांबला. "काका, तुमचा जोडीदार उतरून नाही राह्यला."

"कोण?…"

"तो डाव्या खिडकीतला बुढा. म्हणे, उकंड्याले सांग, मी हाये इथं. घरी जाय अन् भाकर खाऊन घे."

श्रीकृष्णाला उकंडाचं नाव ठाऊक नव्हतं. आणि उकंडाला उकंड्या म्हणणारं आता जगात कोणी उरलं नव्हतं.

गाडी हलली. उकंडा हात जोडून उभा राहिला. मग घरी गेला, आणि भूक नसताना, सांगितलं होतं म्हणून, जेवला.