आंबागडची पोच

दुपारचे चार वाजले की तुमसरच्या दवाखान्यातल्या संगणकावर मेलेल्या माणसाचा निरोप यायचा.

"यादोराव, आंबागड. सर्पदंशाच्या लसीच्या दहा कुप्या पाठवल्या. पोच द्या."

यादोराव आंबागडच्या दवाखान्यात औषधं सांभाळायचे. ती लस चोरल्याच्या आरोपावरून त्यांना काढलं, दवाखान्याला कुलूप लागलं आणि महिन्याभरात त्यांनी हाय खाऊन जीव सोडला. त्यानंतरच हे निरोप सुरू झाले.

संस्थेचे दवाखाने जोडणारी यंत्रणा रुचिताने बांधली होती, म्हणून भंडाऱ्याहून तिला तातडीने बोलावलं. 'तुमसरला लसीची पेटी आल्याची नोंद नाही' हा अहवालही तिचाच. त्यावरच यादोराव चोर ठरले होते, आणि ते तिला झोपू देत नव्हतं.

"रोज येतो?" तिने परिचारिका बेबीबाईला विचारलं.

"रोज जी. इतवारी तेवढा नाही येत."

रविवारी सुट्टी घेणारं भूत! रुचिता हसली. पण चारच्या ठोक्याला ते नाव पडद्यावर उमटलं, तेव्हा तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

तिने इथलं औषधांचं भांडार सांभाळणाऱ्या अनुपला गाठलं.

"पेटी आली होती?"

"नाही मॅडम. तुमीच त लिहून देलं होतं."

"त्या दिवशी दुपारी इथला संगणक बंद असल्याचं दिसतंय. का?"

"लाईन गेली होती. काहून?"

"कुठची लाईन?" बेबीबाई मध्येच बोलली. "त्या दिवशी दुपारभर मी एका पोरीले मशीनवर वाफ देऊन राहिली होती. एकदाही बंद नाही पडली."



दुसऱ्या दिवशी चारला रुचिता आंबागडला पोचली. यादोरावांच्या पत्नी मंगलाबाई दवाखान्याचं कुलूप काढत होत्या. त्यांनी मुख्य बटण दाबलं, दिवे लागले आणि कोपऱ्यातला संगणक आपोआप सुरू झाला.

"नवा माणूस येईस्तोवर झाडझूड माह्याकडं आहे," त्या म्हणाल्या. "इतवार सोडून. गावात चोराची बायको म्हणतात मले. इथं कोणी म्हणत नाही."

रुचिता संगणकापुढे बसली. पाचव्या मिनिटाला तिला हवं ते सापडलं.

तुमसरला परतून तिने अनुपला समोर बसवलं.

"दोन्हीकडून होकार आल्याशिवाय आपला व्यवहार पुरा होत नाही. वीज जावो, यंत्र बंद पडो, पाठवणारं यंत्र पोच मिळेपर्यंत विचारत राहतं. मंगलाबाई झाडायला वीज लावतात, तेव्हा ते पुन्हा विचारतं. हेच तुमचं भूत."

"मंग माहा काय संबंध?"

"पोच द्यायच्या आधी पेटीवरचा रेघांचा पट्टा यंत्राने वाचावा लागतो. तू तो वाचलास. 'माल समोर आहे' हा तुमसरचा पहिला होकार बारा चाळीसला आंबागडला पोचला. इथली नोंद तू पुसलीस, अनुप. तिथली तुझ्या हातात नव्हती."

अनुपचा चेहरा उतरला.

"पट्टा वाचून पेटी ओसरीत ठेवली, अन् जेवाले गेलो. मे महिन्याचं ऊन... कुप्या तापून गेल्या. नोकरी जाईन म्हणून गिरणीमागच्या कोंड्याच्या ढिगात पुरल्या. यादोराव मरतीन असं नोतं वाटलं जी."

त्याच्याकडूनच तिने पोच नोंदवून घेतली.

दुसऱ्या दिवशी आंबागडच्या पडद्यावर 'पोच मिळाली' असं उमटलं. संस्थेचं निर्दोषत्वाचं पत्र रुचिताने मंगलाबाईंच्या हाती दिलं.

"मी फक्त तुमसरचं यंत्र पाहिलं होतं. तेव्हाच इथलं बघायला हवं होतं. चूक माझी."

मंगलाबाईंनी पत्र पदरात बांधलं.

"त्याईनं त रोज सांगतलं, बाई," त्या म्हणाल्या. "आयकाले तुमीच उशीर केला."

आणि त्यांनी झाडू उचलला.