पेटीशेजारची जागा

बाळ सातव्या महिन्यातच आलं आणि त्याला काचेच्या पेटीत ठेवून मोठ्या दवाखान्यात हलवायचं ठरलं. आईचे टाके ओले, तिला उठायची बंदी. बाप कागदपत्रं घेऊन पुढे गेला होता, कारण त्या दवाखान्यात कागद पोचल्याशिवाय कोणाला आजारी धरत नसत. राहिल्या ताई. अशा घरांना धीर द्यायला इथल्या दवाखान्याने त्यांना मुद्दाम नेमलं होतं. धीर त्या सढळ हाताने देत. पदरचं काही जात नव्हतं.

"ताई, तो एकटा जाणार हो..."

"एकटा कसा? मी पेटीशेजारीच बसते. पोचेपर्यंत हलायची नाही."

"नक्की?"

"अगं, माझ्या मुलाची शपथ!"

तासाभराने ताईंचा फोन आला. बाळ निवांत झोपलंय म्हणाल्या. मागे गाडीचा आवाज नव्हता. पण विश्वास ठेवायचाच म्हटलं की कान आधी रजेवर जातात.

चौथ्या दिवशी दुपारी आई चाकाच्या खुर्चीतून नव्या दवाखान्यात आली. बाळाला घेऊन आलेली सिस्टर दाराशीच भेटली.

"ताई सोबत होत्या म्हणून निभावलं," आई म्हणाली.

"त्या? त्या तर तिकडच्या फाटकापाशीच उतरल्या. गाडी लागते म्हणाल्या."

आईने तिथूनच फोन लावला.

"अगं, तुझ्या जिवाला घोर नको म्हणून बोलले," ताई म्हणाल्या. "बाळ सुखरूप आहे ना? मग झालं तर!"

आईने फोन बंद केला. या बाईला तिने चार दिवस देवांच्या रांगेत बसवलं होतं. तिथून खाली उतरवायलाही अंगात त्राण हवं.

"म्हणजे तो एकटाच आला," ती म्हणाली.

सिस्टरने इकडेतिकडे पाहिलं. आवाज खाली आणला.

"ताई उतरल्यावर त्याचा श्वास सारखा अडकायला लागला. त्यात त्या रिकाम्या जागेचा पट्टा लावा म्हणून गाडी पीं पीं करत होती. एरवी माणूस बसल्याशिवाय ती वाजत नाही. ड्रायव्हरकाका वैतागले, म्हणाले, लावून टाका एकदाचा. मी लावला... आणि आवाज थांबला. बाळही शांत झालं."

"बिघाड असेल."

"काकाही तेच म्हणाले. पण पट्टा सोडायला मीच गेले ना..." सिस्टर थांबली. "तो सीटच्या पाठीला टेकलेला नव्हता हो. वीतभर पुढे ताणलेला होता."

आत यंत्रांची मंद टकटक होती. औषधाचा उग्र वास होता. काचेच्या पेटीत बाळ निजलं होतं; रंग चांगला, श्वास संथ. आईने हात धुऊन पेटीच्या खिडकीतून आत घातला. बाळाची उजवी मूठ पुरती मिटलेली नव्हती. कुणाचं तरी बोट धरावं तशी बोटं वळलेली, मधे गोल पोकळी.

"आई आली रे राजा..."

तिने करंगळी त्या पोकळीत सरकवली. जाईना. तिथे काहीतरी होतं, गार आणि टणक. बाळाने झोपेतच मूठ आवळली. बोटांची टोकं पांढरी झाली.

मधली पोकळी तेवढीच राहिली.