कबिनीकाठी चढलेली माणसं

हसायचं असेल तर खुशाल हसा. पण त्या संध्याकाळी गाडीत मी होते, तुम्ही नव्हता. जे झालं तेच लिहितेय, पदरचं काही घालत नाही.

गेल्या वर्षीचा मे महिना. रविवार. जागा, म्हैसूरजवळच्या एच. डी. कोटे गावाच्या पलीकडे, कबिनी धरणाच्या पाण्याचा एक निर्जन काठ.

येसाजीराव माझे सख्खे मामा. रेल्वेतून निवृत्त झालेले. मामी गेली, मुलगा परदेशात स्थायिक. म्हैसूरच्या घरात मामा एकटेच. बोलायला माणूस नाही, म्हणून टीव्ही सुरू ठेवून बसायचे.

एक दिवस त्यांनी शाळेची जुनी मिनीबस विकत घेतली. लष्कर मोहल्ल्यातल्या गॅरेजात महिनाभर ठाण मांडून तिची फिरती खोली करून घेतली. झोपायला बाक, छोटा गॅस, पाण्याची टाकी. मागच्या डाव्या कोपऱ्यातली एक सीट तेवढी तशीच ठेवली.

"कबिनीच्या काठाकाठानं जायचं. जिथे रस्ता संपेल तिथे मुक्काम," म्हणाले.

घरात सगळ्यांनी काही ना काही कारण सांगितलं. शेवटी मीच गेले.

दोन दिवस छान गेले. माणूस म्हणून दिसत नव्हता. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला सुकलेलं गवत, आणि मधून आमची गाडी.

रविवारी उन्हं कलताना आम्ही एका डांबरी रस्त्यावर आलो. रस्ता सरळ पाण्यात शिरत होता.

"मामा, हे काय?"

"धरण झालं तेव्हा इथली गावं उठवली ना. त्यांचा जुना रस्ता हा. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वर येतो."

पाण्याजवळ एक दगडी कट्टा होता, जुन्या बसथांब्याचा असावा तसा. मामांनी गाडी त्याच्या शेजारीच लावली. दार उघडं ठेवलं आणि कॉफी करायला घेतली.

मी बाकावर पाय पसरून बसले होते.

आणि मग... पाण्याचा आवाज बंद झाला.

इतका वेळ काठावर चुबुक चुबुक चाललं होतं. ते थांबलं. पाखरंही गप्प झाली.

मामांनी मान वर केली.

तेवढ्यात गाडी दाराच्या बाजूला किंचित कलली.

कुणीतरी पायरीवर पाय ठेवल्यासारखी...

भांड्यातली कॉफी एका बाजूला गेली. मग सरळ झाली.

"सौम्या, उतरलीस काय गं?"

"नाही मामा. मी इथेच आहे."

पायरी पुन्हा करकरली. गाडी कलली. सरळ झाली.

पुन्हा.

पुन्हा...

दारात कुणी नव्हतं. बाहेर रिकामा रस्ता आणि पाणी. पण गाडी हळूहळू खाली बसत चालली होती. ओल्या गाळाचा वास आला. भिजून तसेच राहिलेले कपडे असतात ना, तसला. हवा कोंदली. भरलेल्या बसमध्ये होतं तसं.

मला कुणी काही म्हटलं नव्हतं. पण मी पाय आखडून घेतले.

जागा करून दिली.

मामांनी गॅस बंद केला. दार ओढलं, स्टिअरिंगवर जाऊन बसले आणि गाडी सुरू केली. इंजिन घुमलं. गाडी हलेना. मागची चाकं डांबराच्या कडेवरून चिखलात घसरली होती, आणि फिरून फिरून आणखी खाली जात होती. क्लच जळल्याचा वास यायला लागला. फोनला रेंज नव्हती. बाहेर अंधारायला लागलं होतं.

मला रडू फुटलं. "मामा, आपण चालत जाऊ या. चला ना!"

मामा मागे वळले. माझ्याकडे नाही... माझ्या मागे बघत होते. आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले,

"स्वल्प मुंदे बन्नी. चाक रुततंय."

थोडं पुढे या.

गाडीचा मागचा भाग वर उचलला गेला.

देवाशप्पथ सांगते. माझ्या अंगावरून गार वारा पुढे सरकत गेला. एकदा नाही, कितीतरी वेळा. आणि गाडी चिखलातून निघाली.

मामांनी गाडी कोटेकडे वळवली. चढ आला की इंजिन रडायचं. खड्डा आला की स्प्रिंगचे पाटे खालून आपटायचे. रिकाम्या गाडीचे.

बसस्टँडवर मामांनी गाडी थांबवली. दार उघडलं.

"कोटे बंतु. इळ्कोळ्ळि."

कोटे आलं, उतरा.

गाडी एकेक धक्क्यानं वर यायला लागली. पायरीवर काही दिसत नव्हतं. चिखल नाही, ओल नाही. पण दारासमोर एक मल्लिगे, म्हणजे मोगरा, विकणारी बाई बसली होती. तिनं गजरे ओवता ओवता, मान वरही न करता, आपली टोपली बाजूला ओढून घेतली.

लोकांना वाट द्यावी तशी.

वास गेला. मी श्वास सोडला. पण मामा दार लावेनात.

"काय झालं?"

"मागचा डावा कोपरा बघ."

कोपरा अजून खाली होता. त्या सीटच्या बाजूला.

मामांनी विचारलं, "इळियल्वा?" उतरायचं नाही का?

काहीच हललं नाही. आम्ही बराच वेळ थांबलो. समोर बस येत होत्या, माणसं भरून निघून जात होत्या.

मग मामांनी दार लावलं. हळूच, झोपलेलं माणूस उठू नये तसं.

"मामा, नको! असं घरी नाही न्यायचं."

"कुणी घ्यायला आलं नसेल गं," ते म्हणाले. "सोडून कुठे जायचं?"

म्हैसूरला आल्यावर मी गॅरेजवाल्याला बोलावून गाडी दाखवली. त्यानं मागचे पाटे बदलले. कोपरा खालीच राहिला. पुन्हा बदलले. तो म्हणाला, गाडीत काही दोष नाही, त्या कोपऱ्यावर वजन आहे, तुम्हाला ते दिसत नसेल तर मी काय करू?

मामांना गाडी विका म्हटलं. विकली नाही. अजून दारातच उभी आहे.

गेल्या महिन्यात मी भेटायला गेले. भर दुपारची वेळ. घराला कुलूप नव्हतं, पण मामा आत नव्हते. गाडीतून त्यांचा आवाज येत होता. मी खिडकीपाशी गेले.

मामा बाकावर बसून कन्नड पेपर मोठ्यानं वाचत होते. समोर ती सीट. चेहऱ्यावर इतकं समाधान मी मामी गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

मला हाक मारवेना.

वाचता वाचता ते एकदम थांबले. मान थोडी पुढे झुकवली. काहीतरी ऐकत होते...

मग "हां हां" म्हणाले, आणि तीच ओळ पुन्हा, जरा सावकाश वाचून दाखवली.