दोनशे सात

चिकूच्या वाडीत एक परका माणूस बंदुकीच्या नळीला डोळा लावून उभा होता. हिरकणी लांबूनच ओरडली, "अहो, मरायचंच असेल तर समुद्र तिकडे आहे!"

"आत काडतूस नाही," तो शांतपणे म्हणाला. "नळीचं तोंड बघतोय."

"बरं आहे का तोंड?"

"तुमच्यापेक्षा लहान आहे."

एवढं बोलून तो स्वतःच इतका लाजला, की पुढचे दोन दिवस ती दिसली की चिकूच्या झाडाआड जायचा.

तो चंदर. मुंबईहून बंदुका पारखायला आलेला कारागीर. १९५८च्या त्या कार्तिकात चिखल्याच्या महादेव चुरींना, म्हणजे हिरकणीच्या बाबांना, शेजारच्या सरावलीकरांना मातीची कबुतरं फोडण्यात हरवायचं होतं. कबुतरं म्हणजे हवेत भिरकावायच्या मातीच्या बशा. पण हे गावातल्या कुंभारणीला, शुक्रीला, कुणी सांगितलंच नाही. तिनं चोच, डोळे, पंखांसकट पन्नास कबुतरं घडवून आणली. उडाली नाहीत; मग तिनं बशा घडवल्या. बाबांनी त्यांतली दोन देव्हाऱ्यात ठेवली.

चंदर कागद टांगायचा, चाळीस गजांवरून बार काढायचा. कागदावरच्या गोलातली भोकं हिरकणी मोजायची... प्रत्येक भोकाला पेन्सिलीचं एक टिंब, धडाक्यापायी कानांत सावरीचा कापूस. बारा बोअरनंतर वीसची बंदूक आली, तर नळी उलट बारीक!

"आकडा वाढला की नळी बारीक?"

"हो. छर्रेही कमी. पण तोंड तेवढंच आवळलं, तर शंभरातले सत्तर गोलातच..." तो अडखळला. "थोडे असले तरी... इकडेतिकडे जात नाहीत."

"तुम्ही बंदुकीबद्दलच बोलताय ना?"

तो बंदूक पुसू लागला. ती पुसलेलीच होती.

घरात हिरकणीच्या लग्नाची बोलणी चालली होती. नकार द्यायला तिला एकच कारण हवं होतं – आणि ते कारण रोज बंदूक पुसत बसायचं.

शेवटच्या सकाळी चंदरनं वीसच्या बंदुकीचा बार काढला. हिरकणी कागदाशी वाकली. डोळे भरून आलेले, भोकं धूसर. तो मागे येऊन उभा राहिला. ती वळली तेव्हा त्याचे ओठ हलत होते. रोज विचारायचा तसंच विचारत असेल... किती?

"दोनशे सात!" ती मोठ्यानं म्हणाली.

तो तिच्याकडे बघत राहिला. मग मान डोलावली, पिशवी उचलली आणि डहाणू रोडच्या वाटेला लागला.

मार्गशीर्षात हिरकणीच्या हळदीला शुक्री मडकी घेऊन आली.

"बाय, हो म्हणायचं नाय तर नाय म्हणायचं. दोनशे सात काय?"

"कुठल्या प्रश्नाला हो?"

"तो बोलला ना – येशील माझ्यासंगं? मी तिथंच बशा रचत होते!"

हिरकणीचा हात कानाकडे गेला. कान मोकळे होते... आता.

तिनं पेटीतून तो कागद काढला. पुन्हा मोजलं. दोनशे सहा. एका भोकाला दोन टिंबं होती.

"हिरकणे, हळद सुकत चाललीय!" बाहेरून हाक आली.

"आले," ती म्हणाली, आणि पुन्हा पहिल्या भोकापासून मोजू लागली.